भिंतीतून लोंबणारी टीव्हीची वायर

घराचं काम संपत आलं की वायरमन टीव्हीची वायर भिंतीतून वीतभर बाहेर सोडून जातो. तिच्यावर रंगाऱ्याचे शिंतोडे पडतात आणि घरातले सगळे धरून चालतात की टीव्हीची सोय झाली. ती वायर आत किती लांब आहे, मध्ये कुठं सांधा आहे का, टोकाला पिन कुणी बसवायची, हे कुणी विचारत नाही. वायरमन म्हणतो, केबलवाले बघतील. केबलवाले म्हणतात, आतली वायर तुमची. आमच्या बेळगावकडच्या खानापूरच्या घरी यंदा पाडव्यापासून वळवाचा पाऊस पडेपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी वायर आम्ही घरच्यांनीच तपासली, बदलली आणि जोडली. ज्यांचं घर आता बांधून होतंय त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

आमचं पुढचं घर जुनं, कौलारू. मागं स्लॅब टाकून त्यावर माडी चढवली. मोठा टीव्ही आणि त्याच्याबरोबर केबलचा बॉक्स माडीवर न्यायचा, आणि खालच्या जुन्या टीव्हीला डीडी फ्री डिशची छत्री लावायची, असं ठरलं. मामंजींना सह्याद्रीच्या बातम्या लागतात. सासूबाईंचं माहेर बैलहोंगलचं, त्यांना दूरदर्शनची कन्नड वाहिनी चंदना लागते. दोन्ही वाहिन्या फ्री डिशवर आहेत आणि महिन्याला काही भरावं लागत नाही. म्हणजे घरात दोन वायरी: एक फाटकाजवळून माडीवर, केबलची, दुसरी गच्चीवरून खाली, छत्रीची. वायरमननं पहिलीसाठी भिंतीत पाइप आणि वायर दोन्ही घातली होती. दुसरी वायर त्यानं दोन वर्षांपूर्वी स्लॅब टाकल्यावर गच्चीवरून बाहेरच्या भिंतीनं खाली सोडून ठेवली होती, 'पुढं लागेल' म्हणून.

२ एप्रिलला केबलच्या ऑफिसात बॉक्स हलवण्याचा अर्ज द्यायला गेले. तिथं कळलं की कनेक्शन अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली. मग आधी नाव बदला. त्यासाठी मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स, मामंजींचं आधार, रेशन कार्ड आणि बॉक्सच्या खाली छापलेला नंबर. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. आमच्या जावेची मुलगी कन्नड माध्यमात शिकते, तिनं भरून दिला, मामंजींनी खाली नेहमीसारखी मराठीत सही ठोकली आणि ती चालली. हलवण्याचे ३०० रुपये घेतले. पावती मागितली तर "गरज नाही की वैनी, आम्ही काय पळून जातोय" असं झालं, पण मी घेतलीच. पावतीवर अर्जाची तारीख असते. पुढं प्रत्येक फोनला पहिला प्रश्न तोच येतो, "अर्ज कधी दिलासा?" ती तारीख सांगितली की बोलण्याचा सूर बदलतो. बॉक्सचा नंबरही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, तो छापील कागद लवकर पुसट होतो.

त्या आठवड्यात कुणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात एक पोरगा आला. त्यानं भिंतीतल्या वायरीचं टोक दातानं सोललं (हो, दातानं), फिरवून बसवायची पिन लावली आणि टीव्ही चालू केला. 'सिग्नल नाही.' त्यानं बॉक्स दोनदा बंद-चालू केला आणि निकाल दिला: "बॉक्स गेलाय. नवा १,६०० ला पडेल." आदल्या रात्रीपर्यंत हाच बॉक्स खाली व्यवस्थित चालत होता. मी तोच बॉक्स, तीच रिमोट, तोच अॅडॉप्टर खाली नेऊन जुन्या वायरीला लावला. चित्र लगेच आलं. मग त्यानं वरच्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर "नोडोणरी, नोडोणरी" (बघूया, बघूया) एवढं ऐकू आलं, आणि आतली वायर आमच्या कामात येत नाही असं सांगून तो गेला.

त्याचं म्हणणं चूक होतं असं मला वाटत नाही. भिंतीतली वायर त्यांनी घातली नव्हती. पण बॉक्सवर आळ घेण्याआधी तोच बॉक्स चालू असलेल्या वायरीवर लावून बघणं हे फुकटचं काम आहे, ते कुणीही करावं.

वायर बघायला मदत केली ती शेजारच्या काकांनी. ते टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. कानाला आता कमी ऐकू येतं, पण वायर हातात धरली की लगेच ताळ्यावर येतात. त्यांनी पहिलं काय केलं असेल तर बॉक्सच्या प्लगला हात घातला आणि तो सॉकेटमधून काढला. त्याचं कारण मला नंतर कळलं. बॉक्सच्या दोन पायांच्या अॅडॉप्टरला अर्थिंग नसतं, त्यामुळं पिनेला किंवा वायरीच्या आवरणाखालच्या धातूच्या जाळीला हात लागला की बोटांना झिणझिण्या येऊ शकतात. आणि छत्रीच्या बॉक्सचं तर निराळंच: तो वायरीतूनच वरच्या एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डब्याला, वीज पाठवतो, १३ किंवा १८ व्होल्ट. माणसाला त्याचा धोका नाही, पण चालू बॉक्सची वायर सोलताना तार आणि जाळी एकमेकांना चिकटली तर बॉक्सचं सॉकेट जळू शकतं. म्हणून आधी प्लग काढायचा, मग वायरीला हात. आणि खांबावरच्या लाइनीला तर घरच्या कुणीच हात लावायचा नाही. तिथं अॅम्प्लिफायरला पुरवठा करणारी वीज त्याच केबलमधून जात असू शकते.

मग काकांनी वायरीवरची अक्षरं वाचायला लावली. एवढी वर्षं ही वायर घरात आहे, तिच्यावर काही छापलेलं असतं हे मी कधी बघितलं नव्हतं. फाटकाजवळच्या टोकावर मोबाइलची बॅटरी धरली तर 'आरजी ६' (ही वायरीची जात), '७५ ओहम' आणि पुढं मीटरचा आकडा. चांगल्या वायरीवर दर मीटरला हा आकडा एकेकानं वाढत जातो. दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी केली की भिंतीत किती वायर आहे ते फोडाफोड न करता कळतं. आम्ही माडीवर गेलो. तिथल्या टोकावर आकडाच नव्हता. वायर हाताला बारीक लागत होती आणि खरवडलेल्या रंगाखाली 'आरजी ५९' असं दिसलं.

एका पाइपात एका टोकाला एक जातीची वायर घुसते आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच जातीची बाहेर येते, म्हणजे मध्ये कुठंतरी सांधा आहे. जिन्याच्या वळणावर पाइपाचा गोल डबा होता, वर पुट्टी मारून रंगवलेला. झाकण सुरीनं उचकटलं. आत दोन्ही वायरींच्या तारा एकमेकींना पिळून, जाळीला जाळी पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली. घरातल्या बल्बची वायर जोडतात तशी. टेप उलगडली तर जाळीचा एक केसाएवढा धागा मधल्या तारेत अडकलेला. काकांनी मल्टिमीटर लावला, तार आणि जाळी यांच्यात 'टीं' वाजलं. तिथंच शॉर्ट.

आरजी ५९ आणि आरजी ६, दोन्ही ७५ ओहमच्याच वायरी. ५९ ची मधली तार साधारण ०.८ मिलिमीटर, ६ ची १ मिलिमीटर, आणि ५९ मध्ये लांब पल्ल्याला सिग्नल जास्त गळतो. थोड्या लांबीला ते चाललंही असतं. दोन जातींपेक्षा तो पिळलेला सांधा वाईट. या वायरीत सिग्नल नुसत्या तारेतून जात नाही. मधली तार, भोवतीचा पांढरा फोम आणि त्यावरची जाळी यांच्यातलं अंतर सगळीकडं सारखं राहिलं तरच तो नीट पुढं जातो. अंतर बिघडलं की काही भाग परत फिरतो. म्हणूनच वायर खिळ्याच्या क्लिपांनी चेपलेली, दाराच्या फटीत दाबलेली किंवा कोपऱ्यात काटकोनात मोडलेली नको. आरजी ६ ला चहाच्या बशीच्या कडेपेक्षा लहान वळण देऊ नका. सांधा टाळता येत नसेल तर दोन्ही टोकांना पिना लावून मध्ये जोडणारी नळी मिळते, दहा-पंधरा रुपयांना. पिळून टेप कधीच नाही.

वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "आणलेली वायर संपली हुती, घरात पडलेली जोडली." हे तेव्हाच सांगितलं असतं तर दोनशे रुपयांची वायर आणून दिली असती. आता रंग लागलाय.

अक्षय तृतीयेच्या आधी बेळगावला कामानिमित्त जायचं होतं, तेव्हा खडेबाजारच्या बाजूला एका दुकानात वायर बघितली. पर्समध्ये फ्रिजवरचं लोहचुंबक टाकून नेलं होतं, काकांची सूचना. दुकानदारानं "एकदम प्युअर कॉपर" म्हणून दिलेल्या तुकड्याची तार चुंबकाला चटकन चिकटली. म्हणजे आत पोलाद आणि वर तांब्याचा पातळ थर. दुकानदार जरासा ओशाळला. पण ही वायर वाईट असते असं नाही. एवढ्या उंच वारंवारतेचा सिग्नल तारेच्या वरच्या कातडीतूनच वाहतो, पोटातून नाही. त्यामुळं केबल टीव्हीला ती चालते, आणि बहुतेक केबलवाले तीच वापरतात. छत्रीचं तसं नाही. तिथं वायरीतून वीजही वर जाते, आणि विजेला पोलादातून जास्त अडथळा होतो. वायर लांब असेल तर एलएनबीला व्होल्ट कमी पोचतात. म्हणून केबलसाठी पोलादी गाभ्याची ३० मीटर घेतली, १६ रुपयांनी. छत्रीसाठी अस्सल तांब्याची ३५ मीटर, ३८ रुपयांनी, आणि तीही काळ्या आवरणाची. पांढरं आवरण उन्हात भुकटी होतं, हे आमच्या गच्चीवरच्या वायरीनं दाखवून दिलं होतं.

पिना तीन तऱ्हेच्या असतात. फिरवून बसवायची, पक्कडीनं चेपायची आणि दाबयंत्रानं दाबून बसवायची. फिरवायची स्वस्त, पण हलली की सैल होते आणि पाणी आत घेते. मी दाबून बसवायच्या घेतल्या, १२ रुपयाला एक, वीस नग. जास्त वाटतील, पण शिकताना चार-पाच जातात हे धरूनच घ्या. पिन वायरीच्या जातीचीच मागा. आरजी ६ ची पिन ५९ वर ढिली बसते. दाबयंत्र ६५० ला पडलं, सोलायचं गोल हत्यार १८० ला. नवऱ्यानं ६५० वर भुवया उंचावल्या. १,६०० चा बॉक्स वाचला होता, म्हणून मी गप्प बसले नाही.

वायर ओढायचं काम रविवारी सकाळी केलं. जुनी वायर दोन तुकड्यांची असल्यानं तिला बांधून नवी ओढता येईना. काकांनी पाइपातून आधी वायर ओढायची स्प्रिंग घातली आणि वायरीला टाल्कम पावडर चोळली. एक गोष्ट आमच्या वायरमननं बरी केली होती, विजेच्या वायरींचा पाइप आणि टीव्हीचा पाइप वेगळा ठेवला होता. तुमच्याकडं दोन्ही एकाच पाइपात असतील तर ते बदलून घ्या, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आता टोक तयार करण्याचं. हे मी जरा सावकाश सांगते, कारण सगळा जीव यातच आहे.

आधी टोकाचा बोटभर तुकडा कटरनं सरळ कापून टाकायचा. कितीही नवी वायर असली तरी पाइपातून ओढताना टोक चेपलेलं असतं. मग सोलायचं हत्यार टोकाला अडकवून वायरीभोवती फिरवायचं. त्यात दोन पाती असतात: एक खोल, तारेपर्यंत जाणारं, दुसरं उथळ, नुसतं बाहेरचं आवरण कापणारं. चार-पाच फेरे पुरतात. हात हलका ठेवायचा. हत्यार काढून ओढलं की समोर तीन पायऱ्या दिसतात. सगळ्यात पुढं उघडी तार, साधारण ६ मिलिमीटर. तिच्या मागं पांढरा फोम, त्यावर चंदेरी फॉइल, तोही ६ मिलिमीटर. आणि त्याच्या मागं आवरणाच्या काठातून बाहेर आलेली जाळी.

जाळी बोटानं मागं, आवरणावर उलटी दुमडायची, सगळीकडून सारखी. फोमवरचं फॉइल काढायचं नाही. मग उजेडात धरून टोक गोल फिरवून बघायचं. जाळीचा एखादा धागा पुढं राहिला असेल तर तो इतका बारीक असतो की डोळ्यांपेक्षा बोटाला आधी लागतो. तो एक धागा तारेला टेकला की सगळं मुसळ केरात. त्यानंतर तार बघायची. तिच्यावर फोमचा पातळ पांढरा पापुद्रा राहतो, तो नखानं काढायचा. पात्यानं खरवडायचं नाही. पोलादी गाभ्याच्या तारेवर तांब्याचा थर अगदी पातळ असतो. तो खरवडला गेला की सिग्नल ज्या कातडीतून वाहतो तीच गेली, आणि उघड्या पोलादाला आमच्या हवेत एका पावसाळ्यात गंज येतो. तारेवर चक्राकार चरा दिसला तर ते टोक कापून पुन्हा सोलायचं. अशी तार नंतर हात लागला की त्या चऱ्यावरच तुटते.

मग पिन. सरळ, जोर लावून, किंचित फिरवत आत घालायची. पिनेत वाकून बघितलं की तळाशी पांढरा फोम दिसतो. तो पिनेच्या आतल्या तळाशी अगदी समपातळीत यायला हवा. मागं राहिला तर पिन पुरती बसली नाही. तार पिनेच्या कडेच्या बाहेर २ ते ३ मिलिमीटर दिसावी. आखूड असेल तर सॉकेटमध्ये टेकत नाही, लांब असेल तर आत दाबून वाकते. मग दाबयंत्रात धरून मूठ आवळायची, 'कट्' असा आवाज येतो. पिन धरून वायर ओढून बघायची. बॉक्सला लावताना हातानं घट्ट आणि मग ११ च्या पान्यानं पाव फेरा, बस्स. जोर दाखवायला गेलात तर बॉक्सचं सॉकेटच फिरतं.

टोक तयार झालं म्हणून लगेच बॉक्सला लावायचं नाही, आधी मीटर. दोन्ही टोकं मोकळी ठेवून तार आणि जाळी यांच्यात काही वाजायला नको. एवढ्यानं शॉर्ट नाही हे कळतं, पण वायर मध्येच तुटलेली नाही हे कळत नाही. त्यासाठी काकांची युक्ती मला फार आवडली. वापरात नसलेल्या तोंडावर बसवायची एक छोटी टोपी मिळते, आत ७५ ओहमचा रेझिस्टर असलेली, १५ रुपयाला. ती दुसऱ्या टोकाला बसवायची आणि आपण या टोकाला मीटर ओहमवर लावून तार आणि जाळी मोजायची. आमच्या वायरीवर ७९ आलं: टोपीचे ७५ आणि बाकी वायरीचे. शून्याच्या जवळ आलं असतं तर शॉर्ट, काहीच आलं नसतं तर तुटलेली. एकट्या माणसाला वर-खाली ओरडत बसायला लागत नाही. टोपी नसताना मीटरवर ७५ येत नाहीत म्हणून घाबरू नका. वायरीवर छापलेले ७५ ओहम हे उंच वारंवारतेच्या सिग्नलसाठी आहेत, साध्या मीटरला ते दिसत नाहीत.

फाटकाजवळ एक जुना स्प्लिटरही सापडला, एका वायरीचा सिग्नल दोघांत वाटणारा, कधीकाळी दोन टीव्ही असतानाचा. एक तोंड उघडंच, आत कोळ्याचं जाळं. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक बाजूला साडेतीन-चार डीबी (सिग्नल मोजायचं माप) सिग्नल वाया जातो, गरज असो वा नसो. तो काढून टाकला. तुम्हाला ठेवायचाच असेल तर रिकाम्या तोंडावर तीच टोपी बसवा. आणि स्प्लिटरवर छापलेलं वाचा: ५ ते १००० मेगाहर्ट्झवाला केबलचा. छत्रीच्या वायरीतला सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, तो यातून धड जाणार नाही.

केबलवाल्यांचा माणूस मेच्या दुसऱ्या आठवड्यात परत आला. त्यासाठी तीन फोन आणि पावतीची तारीख लागली. हा निराळा होता, सिग्नल मोजायचा मीटर घेऊन आलेला. फाटकाजवळ ६१, माडीवर ५६.  २५ मीटर वायरीत पाचच डीबी गेले म्हटल्यावर त्यानं पिन हातात घेऊन उलटसुलट बघितली. "कुणी बसवली?" मी म्हटलं, मी. "आमच्याकडं येतासा काय कामाला?" चित्र आलं, त्यानं कागदावर सही घेतली, अर्ज बंद झाला.

छत्रीचं काम त्यानंतर. गच्चीवरची जुनी वायर वापरता येईल का ते आधी बघितलं, आणलेली ३५ मीटर वाचली असती तर बरंच होतं. टोक सोललं तर जाळी काळपट आणि बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागली. अॅल्युमिनिअमला पाणी लागलं की असं होतं. उघडं टोक आकाशाकडं तोंड करून दोन पावसाळे गच्चीवर राहिलं होतं, आणि जाळीच्या धाग्यांमधून पाणी आत-आत चढत जातं. हातभर कापलं, तीच पूड. आणखी हातभर, तीच. पुढं एके ठिकाणी आवरणावर दातांच्या खुणा. आमच्याकडं भीमगडच्या जंगलाच्या बाजूनं वानरं येतात, त्यांना लोंबणारी वायर म्हणजे पर्वणी. सगळीच टाकून दिली. घर बांधताना बाहेर सोडलेल्या वायरीच्या टोकाला पिशवी बांधून तोंड खाली करून ठेवा, एवढंच त्या वेळी कुणी केलं असतं तरी बरंच वाचलं असतं.

छत्रीचा सेट १,७०० ला मिळाला. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. खानापूरहून ते आग्नेयेला येतं, कंपासवर साधारण १२८ अंश, आणि वर साधारण ६१ अंश. म्हणजे आग्नेयेला नारळ, टाकी किंवा शेजाऱ्याची भिंत आहे का ते आधी बघून मग जागा ठरवा. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात. पहिली, ताकदीची, छत्री कुठंही वळवली तरी भरलेली दिसते, तिच्या नादाला लागू नका. दुसरी, गुणवत्तेची, खरी. नवरा गच्चीवर, मी खाली बॉक्सपाशी, मध्ये मोबाइल. दुसरी पट्टी शून्यावरून हलायला अर्धी सकाळ गेली आणि मग केसभर हलवण्यात उरलेली.

एलएनबीची पिन खाली तोंड करून असते, तिच्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, १२० रुपये. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत येत नाही. वायर भिंतीला दर हातभर बांधली, वानरांना लोंबकळायला जागा ठेवली नाही. वळवात विजा चमकायला लागल्या की दोन्ही बॉक्सचे प्लग आणि मागच्या वायरीही काढून ठेवतो. मोठ्या सरीत छत्रीचं चित्र थोडा वेळ फुटतं, ते ढगातल्या पाण्यानं. वायर कितीही चांगली असली तरी फुटणार. तेवढ्यासाठी भिजत गच्चीवर जाऊन छत्री हलवू नका, पाऊस ओसरला की येतं.

वायरी, पिना, हत्यारं, टोप्या आणि टेप मिळून तीन हजारांच्या थोडं वर गेले. छत्रीचा सेट आणि केबल हलवण्याचे ३०० वेगळे. काकांनी काही घेतलं नाही, त्यांच्याकडच्या टीव्हीची दोन टोकं मात्र नव्यानं करून दिली.

एक काम राहिलंय. छत्रीची वायर खालच्या खोलीत न्यायला जिथं भोक पाडायचं, त्याच भिंतीला दरवर्षी गणपतीचं मखर लागतं, त्यामुळं गणपती उठेपर्यंत तिथं ड्रिल लावायचं नाही असं सासूबाईंचं ठाम म्हणणं आहे. तोवर वायर खिडकीतून आत आलीय. खिडकी पूर्ण लावली तर वायर चेपते म्हणून फटीत लाकडी पट्टी घातलीय, आणि त्या फटीतून डास येतात ही तक्रार त्यांचीच.